सोसायटीत जपानी सिनेमा दाखवायचाय, पण सबटायटल्स वाचणार कोण?

रावपुरावाली:
वडोदऱ्यात आमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये सुट्टीत मुलांना एक सिनेमा दाखवायचाय. निवड माझ्या गळ्यात पडलीय आणि मी जपानी दिग्दर्शक कोरे-एदांच्या 'किसेकी'वर (2011) अडून बसलेय. आईबाप वेगळे झालेले, थोरला कोइची आईबरोबर कागोशिमात आजी-आजोबांकडे, धाकटा रियुनोसुके बापाबरोबर फुकुओकात. क्यूशूची बुलेट ट्रेन सुरू होणार असते. समोरासमोरच्या दोन गाड्या पहिल्यांदा एकमेकींना ओलांडतील तेव्हा जे मागाल ते मिळतं, अशी पोरांत आवई उठते. कोइचीला काय हवंय, तर साकुराजिमा ज्वालामुखी असा फुटावा की कागोशिमा सोडावंच लागेल आणि चौघं पुन्हा एका घरात येतील!

आपल्याकडेही मुंबई-अहमदाबाद बुलेट ट्रेनच्या मार्गाचे खांब मुलं रोज बघतात, म्हणून हाच हवाय. अडचण अशी की आवाज जपानी, सबटायटल्स इंग्रजी. सात-आठ वर्षांच्या पोरांना तेवढ्या वेगानं वाचता येत नाही, आजी लोकांना इंग्रजीच नको. त्यात सोसायटी अर्धी गुजराती. सेक्रेटरीभाई म्हणतात, "बेन, हिंदीमां कंईक मूको ने." काही आयांनी 'घटस्फोटाचा सिनेमा' म्हणून आधीच नाक मुरडलंय, ते मी बघून घेईन.

मांडवीचा_भोवरा:
128 मिनिटं? निम्मी पोरं मध्येच खाली क्रिकेटला जातील. दिग्दर्शक ओझूंचा 'ओहायो' (1959) लावा. दोन भाऊ टीव्हीसाठी हट्ट करतात आणि मोठे ओरडले म्हणून बोलणंच बंद करतात. शिवाय पादण्याचे विनोद भरपूर, त्यांना कुठली सबटायटल्स लागतात?

विंगेतला_आवाज:
ताई, माणूस उभा करा. मूकपटांच्या काळात जपानमध्ये पडद्याशेजारी बेन्शी असायचा. गोष्ट सांगायचा, सगळ्या पात्रांचे आवाज काढायचा, आणि लोक सिनेमाइतकेच बेन्शीच्या नावावर तिकीट काढायचे. दिग्दर्शक कुरोसावांचा थोरला भाऊ बेन्शीच होता. बोलपट आले आणि या मंडळींच्या पोटावर पाय आला. आपण तर आख्यानं रचणाऱ्या गुजराती कवी प्रेमानंदाच्या गावचे, इथं आख्यान सांगणारा माणभट्ट एकटा माणीवर, म्हणजे तांब्याच्या घागरीवर, बोटं वाजवत रात्र जागवायचा. मग लाजायचं कसलं?

मी नाटकांना वर्षानुवर्षं प्रॉम्प्टिंग केलंय, त्यावरून सांगतो. प्रत्येक वाक्य वाचायला जाऊ नका, दम लागेल आणि तरी मागे पडाल. आधी सिनेमा थांबवत थांबवत बघून कामाचे संवाद वहीत उतरवा. आजोबा कारुकान मिठाई करत बसतात तिथं काही सांगायची गरज नाही, हात दिसतायत. कोइची घरात आलेली ज्वालामुखीची राख पुसतो तिथंही नको. बाप नि धाकटा बोलतात तिथं मात्र हजरजबाबीपणा हवा, नाहीतर गंमत जाईल. मूळ आवाज बंद करू नका, थोडा खाली घ्या. आणि गाड्या ओलांडतात तेव्हा माईक चक्क बंद. पोरं ओरडत असतात, ते त्यांचं त्यांना ओरडू द्या.

आणखी एक, मुलांना आधी सांगा की ही गाडी खरी आहे. क्यूशूचा पूर्ण मार्ग 12 मार्च 2011 ला सुरू झाला, मोठ्या भूकंपाच्या दुसऱ्याच दिवशी. उद्घाटनाचे समारंभ रद्द करावे लागले होते.

पोळीतला_पतंग:
घरच्या ओटीटी खात्यावरून हॉलमध्ये लावू नका, ते घरात बघण्यापुरतंच असतं. तिकीट नसलं तरी हक्क ज्यांच्याकडे आहेत त्यांना विचारा. दिल्लीच्या जपान फाउंडेशनलाही मेल टाका, ते भारतात जपानी चित्रपट महोत्सव भरवतात, वाट दाखवतील.

रावपुरावाली:
मेल आजच टाकते. परवानगी आली तर मराठी मी वाचीन आणि गुजरातीला तिसऱ्या मजल्यावरची कॉलेजातली मुलगी, गरब्यात माईक तीच धरते. दोघींनी आलटून पालटून बोलायचं की एकीनंच दोन्ही भाषा मिसळून? विंगेतला आवाज, तुम्ही वडोदऱ्यातच असाल तर एका तालमीला याच. भोवरा, तुमचा 'ओहायो' दिवाळीत, तेव्हा आयांना तोंड तुम्ही द्यायचं.