ग्लायडरच्या नोंदणीवरील मुदत उलटली आहे, आणि सहमालक कायमचा भारतात परतत आहे

हडपसरकर (प्रश्न):
हडपसरच्या ग्लायडिंग केंद्रावर विंचने वर खेचली जाणारी ग्लायडर पाहत मी मोठा झालो. अमेरिकेत आल्यावर एका मित्राबरोबर निम्म्या-निम्म्या हिश्शाने जुने ग्रोब अ‍ॅस्टिर ग्लायडर घेतले. आम्ही दोघेही ग्रीन कार्डधारक आहोत आणि ‘एफएए’कडे (अमेरिकेचे नागरी विमान वाहतूक प्रशासन) सहमालक म्हणून आमची नोंद आहे. नोंदणी प्रमाणपत्र जून २०२२ मध्ये मिळाले. परवा क्लबमधील एका ज्येष्ठ वैमानिकांनी आसनामागच्या कप्प्यातील पाकीट उघडले, तेव्हा आतल्या प्रमाणपत्रावर ३० जून २०२५ ही मुदत छापलेली दिसली आणि आम्ही उड्डाण थांबवले. त्यातच गेल्या वर्षी मी ओहायोहून कोलोरॅडोला राहायला आलो, पण दप्तरी पत्ता जुनाच आहे. शिवाय मित्र डिसेंबरमध्ये कायमचा पुण्याला जात असून ग्रीन कार्ड परत करणार आहे, मात्र हिस्सा त्याला सोडायचा नाही. यातले आधी काय निस्तरावे?

टो-विमानवाला:
मुदतीची चिंता सोडा. २३ जानेवारी २०२३ पासून नोंदणीची मुदत ३ वर्षांवरून ७ वर्षे झाली आणि त्या दिवशी चालू असलेल्या प्रमाणपत्रांनाही ती आपोआप लागू झाली, मात्र कागद बदलून दिले गेले नाहीत. त्यामुळे तुमच्या कागदावर २०२५ दिसत असले तरी नोंदणी ३० जून २०२९ पर्यंत चालू असायला हवी. ‘एफएए’च्या संकेतस्थळावर ‘एन’ क्रमांक (ग्लायडरचा नोंदणी क्रमांक) टाकून ती तारीख डोळ्यांनी पाहा आणि छापून त्याच पाकिटात ठेवा, म्हणजे पुढच्या वेळी वाद होणार नाही. मूळ प्रमाणपत्र मात्र ग्लायडरमध्येच असले पाहिजे. पंख काढून ग्लायडर ट्रेलरमध्ये ठेवताना पाकीट घरी नेण्याची सवय अनेकांना असते, आणि मग नेमके उड्डाणाच्या दिवशी ते स्वयंपाकघरातल्या फ्रिजवर राहते.

कागदपत्री:
मुदतीबद्दल वर लिहिले आहे ते बरोबर आहे. पत्त्याच्या बाबतीत मात्र तुम्ही चुकला आहात. पत्ता बदलल्यापासून ३० दिवसांच्या आत ओक्लाहोमा सिटीतील नोंदणी कार्यालयाला लेखी कळवणे मालकावर बंधनकारक आहे आणि सुधारित प्रमाणपत्राला शुल्क पडत नाही. आजच कळवा. टपालासाठी पोस्ट बॉक्स देणार असाल तर राहत्या ठिकाणाचा पत्ताही द्यावा लागतो. नूतनीकरणाची सूचना मुदत संपण्याच्या सुमारे सहा महिने आधी दप्तरी असलेल्या पत्त्यावरच जाते. ती ओहायोतल्या जुन्या घरी पडून राहिली आणि नोंदणी खरोखरच संपली, तर नवी नोंदणी होईपर्यंत उडता येणार नाही. पुढे क्रमांकच रद्द झाला, तर तो ५ वर्षे कोणालाही मिळत नाही.

खरी अडचण मित्राची आहे. नोंदणीकृत मालकाने नागरिकत्व न घेता कायम रहिवासाचा (ग्रीन कार्डचा) दर्जा गमावला की प्रमाणपत्र निष्प्रभ होते, आणि नोंदणी दोघांच्या नावे एकच असल्यामुळे तुमचेही उड्डाण थांबते. म्हणून त्याने ग्रीन कार्ड परत करण्यापूर्वी आपला हिस्सा ८०५०-२ या नमुन्यातील विक्रीपत्राने तुमच्या नावे करावा आणि तुम्ही ८०५०-१ हा अर्ज ५ डॉलर शुल्कासह नव्याने भरावा. अर्जाची प्रत ग्लायडरमध्ये ठेवली की नवे प्रमाणपत्र येईपर्यंत, ९० दिवसांच्या मर्यादेत, देशांतर्गत उड्डाण करता येते. सुटीत आला की त्याला ग्लायडर जरूर द्या, फक्त मालक म्हणून नव्हे.

नावांकडे विशेष लक्ष द्या. माझ्या विक्रीपत्रावर वडिलांचे नाव पूर्ण होते आणि अर्जावर नुसते आद्याक्षर. चूक माझीच होती, पण अर्ज परत आला आणि वसंतातले चांगले थर्मल (ग्लायडरला वर नेणारे उष्ण हवेचे प्रवाह) मी जमिनीवरून पाहिले. मॉडेल आणि अनुक्रमांकही स्मरणाने न लिहिता ग्लायडरवरील धातूच्या पाटीवरून अक्षरशः उतरवून घ्या.

हडपसरकर:
दोघांचेही आभार. संकेतस्थळावर ३० जून २०२९ हीच तारीख आहे, आणि पत्त्याचे पत्र आज टाकले. मित्राचे म्हणणे आहे की प्रमाणपत्रावर नाव राहिले नाही तर त्याच्या पैशांचा पुरावा काय? तसेच त्याच्या जागी यायला एक जण तयार आहे, पण तो एच-१बी या नोकरीसाठीच्या तात्पुरत्या व्हिसावर आहे.

कागदपत्री:
गावाकडे सातबाऱ्यावर नाव लागले म्हणजे मालकी सिद्ध झाली असे आपण समजतो आणि तसे नसते हे वकिलांना समजावून सांगावे लागते, तसेच येथेही आहे. मालकीचा वाद उभा राहिल्यास नोंदणी प्रमाणपत्र हा मालकीचा पुरावा मानला जाणार नाही, असे अमेरिकी कायद्यातच नमूद आहे. त्यामुळे त्याचे पैसे तुम्ही आत्ताच चुकते करा, किंवा ते कर्ज म्हणून राहणार असतील तर वकिलाकडून करार करून घ्या. तोंडी समजुतीवर विक्रीपत्र करू नका, कारण ते एकदा नोंदले गेले की कागदोपत्री संपूर्ण मालकी तुमची असेल.

एच-१बीधारकाला सहमालक म्हणून नोंदता येत नाही. त्यासाठी नागरिक किंवा कायम रहिवासी असावे लागते. ‘भागीदारी संस्था काढू’ असेही कोणी सुचवेल, पण त्यात प्रत्येक भागीदार अमेरिकी नागरिकच असावा लागतो, म्हणजे त्या मार्गाने तुम्हीसुद्धा बाहेर पडाल. त्याला ग्रीन कार्ड मिळेपर्यंत हँगरच्या भाड्यात वाटा उचलू द्या.