मदत हवी आहे: कामगारांसाठी भाड्याच्या खोल्या बांधायच्यात, पैसे उभे कसे करायचे?

नमस्कार मंडळी, जरा लांबण लावतेय पण पैशाचा मामला आहे, सगळं सांगितल्याशिवाय कोणाला काही सुचायचं नाही.

आमचा एक छोटा सार्वजनिक ट्रस्ट आहे, मी खजिनदार. पुण्याजवळ मोशीच्या बाजूला ट्रस्टच्या नावावर जागा पडून आहे, एनए (बिगरशेती) झालेली, वादबिद काही नाही. भोसरी एमआयडीसी आणि चाकणला कामाला जाणारी पोरं आमच्या भागात कॉट बेसिसवर राहतात, एका खोलीत पाच-सहा जण, रात्रपाळीवाला आला की दिवसपाळीवाला उठून कामाला, गादी तीच. बायको-पोरं आणली की मग पत्र्याची खोली. तर ट्रस्टींचं म्हणणं असं की जागा बिल्डरला देण्यापेक्षा आपणच साध्या खोल्या बांधून भाड्याने देऊ. विकायच्या नाहीत हे पक्कं ठरलंय, त्यामुळे "विकून मोकळे व्हा" असे सल्ले प्लीज नकोत :)

आता हिशोब. काँट्रॅक्टर म्हणतो ३० चौरस मीटरची खोली, संडास-बाथरूम, लाइट-पाणी सगळं धरून १० लाखांच्या खाली येणार नाही. जागेचे पैसे यात शून्य धरलेत. बँकेचं कर्ज ९ टक्क्यांनी २० वर्षं धरलं तर खोलीमागे हप्ताच ९ हजार येतो. आणि भाडं ५ हजारांच्या वर गेलं तर ज्यांच्यासाठी बांधतोय तेच येणार नाहीत, आयटीवाले येतील. मधले ४ हजार कुठून आणायचे? महापालिका अशा कामाला थेट पैसे देते का? पंतप्रधान आवास शहरीमध्ये भाड्याच्या घरांसाठी वेगळा भाग आहे म्हणतात, तो ट्रस्टला लागू होतो का? कोणी प्रत्यक्ष केलंय का हे?

प्रतिसाद १ (नकाशावाला)

ताई, महापालिका चेक फाडून देईल ही आशा सोडा. आपल्याकडे पालिका देते ती सवलत. २०२० साली केंद्राने परवडणाऱ्या भाड्याच्या घरांची योजना आणली, एआरएचसी म्हणतात तिला, त्यात ५० टक्के जादा एफएसआय (म्हणजे जागेच्या मानाने किती बांधता येतं ते प्रमाण) फुकट, एक खिडकी परवानगी, आणि पाणी-मालमत्ता कर निवासी दराने असं राज्यांनी-पालिकांनी द्यायचं होतं. त्याचे दोन प्रकार. एक म्हणजे सरकारी पैशाने बांधून रिकामी पडलेली घरं भाड्याने काढायची, सुरतला ३९३ आणि चंदीगडला २,१९५ घरं तशी निघाली. दुसरा तुमचा, म्हणजे खासगी किंवा सरकारी संस्थेने स्वतःच्या मोकळ्या जागेवर बांधायचं आणि २५ वर्षं भाड्यानेच चालवायचं. त्यात किमान ४० घरं किंवा तेवढ्या कॉटची डॉर्मिटरी अशी अट होती, तुमच्या जागेत बसतात का बघा.

२०२४ च्या पंतप्रधान आवास शहरी २.० मध्येही भाड्याच्या घरांचा भाग ठेवलाय. अनुदान चौरस मीटरला केंद्राचे ३ हजार आणि राज्याचे २ हजार. म्हणजे तुमच्या ३० मीटरच्या खोलीला दीड लाख. पण थांबा, नाव वाचा त्याचं, तंत्रज्ञान अनुदान आहे ते, प्रीकास्टसारख्या (भिंती-स्लॅब कारखान्यात ओतून आणून जोडायच्या) नव्या पद्धतीने बांधलं तरच. तुमच्या काँट्रॅक्टरने विटा रचायला सुरुवात केली की ते दीड लाख गेले.

प्रतिसाद २ (धागाकर्ती)

बापरे, हे कोणीच बोललं नव्हतं. म्हणजे दीड लाख मिळाले तरी साडेआठ लाखांचं कर्ज, हप्ता साडेसात हजारांच्या वरच. ५ हजारांत नाहीच बसत. वर रंग, लिफ्ट, वॉचमन, टाकी धुणं, आणि रिकाम्या राहिलेल्या खोल्या. मग हे करतं तरी कोण?

प्रतिसाद ३ (सिएटलकर)

अनुदानाच्या मागे फार लागू नका, व्याज आणि मुदतीच्या मागे लागा. तेच साडेआठ लाख ५ टक्क्यांनी ३० वर्षांसाठी मिळाले तर हप्ता साधारण ४,५६० रुपये. बघा, दीड लाखाच्या अनुदानाने जेवढा हप्ता उतरला त्याच्या दुपटीहून जास्त इथे उतरतो.

मी सिएटलला राहतो, इथे हे शहर स्वतः करतं म्हणून सांगतो. १९८१ पासून इथले मतदार दर काही वर्षांनी घरांसाठी मालमत्ता करावर जादा आकारणी मंजूर करतात. २०१६ ला २९ कोटी डॉलरची होती, २०२३ ला ९७ कोटी डॉलर, सात वर्षांत गोळा करायचे. त्यातून ना-नफा संस्थांना अगदी कमी व्याजाचं, परतफेड लांब ढकललेलं कर्ज मिळतं आणि बदल्यात किमान ५० वर्षं भाडं परवडणारं ठेवायचं. शिवाय थोडा पैसा बांधून झाल्यावर इमारत चालवायला वेगळा काढलेला असतो, कारण भाड्यातून तो खर्च निघत नाही हे त्यांना आधीच माहीत आहे. अर्थात इथेही घरभाडी काही स्वस्त नाहीत आणि या घरांना वेटिंग लिस्ट मोठीच असते, उगाच कौतुक करत नाही.

प्रतिसाद ४ (नायगावचा जुना)

अहो सिएटल कशाला, मुंबईने शंभर वर्षांपूर्वी हेच केलंय. बीडीडी चाळी, म्हणजे सरकारच्या बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने बांधलेल्या भाड्याच्या चाळी, कशाच्या पैशातून झाल्या? सरकारने विकास कर्ज काढलं आणि मुंबईत येणाऱ्या कापसाच्या प्रत्येक गाठीवर १ रुपया कर बसवला. ५० हजार खोल्यांचा बेत होता, झाल्या १६ हजारांच्या आसपास, वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग आणि शिवडी मिळून २०७ चाळी, खोली १६० चौरस फुटांची. सुरुवातीला कितीतरी खोल्या रिकाम्या होत्या! आता तिथे म्हाडा (राज्याचं गृहनिर्माण प्राधिकरण) ५०० फुटांची मालकीची घरं फुकट देतेय, वरळीत २०२५ च्या ऑगस्टमध्ये पहिल्या ५५६ जणांना मिळाली. रहिवाशांचं भलं झालं, मला आनंदच आहे, पण भाड्याचं घर म्हणून ते संपलं.

मुंबई महानगराच्या विकास प्राधिकरणाने, एमएमआरडीएनेही २००८ ला भाड्याच्या घरांची योजना काढली होती, बिल्डरला ४ एफएसआय आणि त्याने १६० फुटांच्या खोल्या बांधून फुकट द्यायच्या. पुढे काय झालं, पनवेलजवळ कोनला दोन-दोन खोल्या एकत्र करून गिरणी कामगारांना ६ लाखांना विकल्या, २,४१७ घरांची लॉटरी झाली २०१६ ला. भाडेकरू शोधा, भाडं वसूल करा, गळती काढा, हे करायला कुठल्याच सरकारी खात्यात माणूस नसतो. तुमच्या ट्रस्टकडे आहे का असा माणूस? आधी तो शोधा.

प्रतिसाद ५ (कागदपत्र)

दोन गोष्टी कोणी बोललं नाही म्हणून लिहितो. ट्रस्टच्या नावावर कर्ज काढायचं तर धर्मादाय आयुक्तांची मंजुरी लागते, सार्वजनिक विश्वस्त कायद्याचं कलम ३६अ. आणि जागा कोणा डेव्हलपरला ३ वर्षांपेक्षा जास्त लीजवर द्यायची म्हटलं तरी कलम ३६ खाली परवानगी. बँक हे पत्र मागणारच, त्यामुळे प्लॅनच्या आधी हा अर्ज टाका.

दुसरं, खोल्या लिव्ह अँड लायसन्सवरच (ठरावीक मुदतीच्या वापर-परवान्यावर) द्या आणि प्रत्येक करार रजिस्टर करा, १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्यात कलम ५५ प्रमाणे ते सक्तीचं आहे. मुदत संपल्यावर कोणी उठला नाही तर कलम २४ खाली सक्षम प्राधिकाऱ्याकडे जाता येतं, दिवाणी कोर्टाच्या मानाने बरंच सुटसुटीत. ओळखीचा आहे म्हणून तोंडी दिलं की अडकलात.

प्रतिसाद ६ (धागाकर्ती)

सगळ्यांचे खूप आभार, एका संध्याकाळीत एवढं कळेल असं वाटलं नव्हतं. ट्रस्टींशी फोनवर बोलले, कुटुंबाच्या खोल्या आत्ता बाजूला ठेवून आधी नुसती कॉटची इमारत करावी असं चाललंय, कारण एका खोलीत चार कॉट प्रत्येकी २ हजारांनी दिल्या तरी ८ हजार होतात आणि पोरांना आत्ताच्या पेक्षा मोकळं राहता येईल. पण भाडं जमा करायला माणूस कोण, यावर सगळे गप्प.

आता दोनच गोष्टी हव्यात. ३६अ खाली कर्जाची मंजुरी घेतलेला कोणी सीए किंवा वकील पुण्यात माहीत असेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, इथे नंबर टाकू नका. आणि एमआयडीसीतल्या एखाद्या कंपनीने आपल्या कामगारांसाठी ठरावीक कॉटचं भाडं वर्षाचं आगाऊ भरायचा करार केलेला कोणाला माहीत आहे का? असल्यास कराराचा मसुदा बघायला मिळाला तर फार बरं होईल.