जोडीदाराचं दुसरं आयुष्य : सिनेमातलं, पुस्तकातलं आणि खरं. तुमचे अनुभव सांगा

पानगळ :
काल रात्री एक सस्पेन्स सिनेमा बघितला. नवरा अंघोळीला गेलेला असतो, बायको त्याचा कोट धुवायला टाकायचा म्हणून खिसे रिकामे करते आणि एक किल्ली निघते जी घरातल्या एकाही कुलपाला लागत नाही. बास, तिथेच माझ्या पोटात गोळा आला. पुढे पाठलाग, बंदूक वगैरे आहे, पण मला रात्रभर मावशीच आठवत राहिली. तिचे यजमान फिरतीच्या नोकरीत होते. दौऱ्यावरून आले की बॅगेतले शर्ट धुतलेले, इस्त्री केलेले असायचे. लॉजवर करून मिळतात म्हणायचे. पण मावशी शर्टाच्या बाह्या मागे दुमडून घडी घालायची आणि बॅगेतल्या शर्टांच्या बाह्या पुढे, बटणांवर आडव्या घेतलेल्या असायच्या, दर वेळी तश्शाच. एवढ्या वेगवेगळ्या लॉजवर घडी घालणारा हात एकच कसा असेल? तिच्या हे लक्षात आलेलं होतं. ती काही न बोलता घडी मोडायची, आपल्या पद्धतीने परत घालायची आणि कपाटात ठेवून द्यायची, वर्षानुवर्षं. दुसरं घर आहे, तिथे मुलगाही आहे, हे बाकीच्यांना फार उशिरा कळलं. मला हे सांगताना मावशी एवढंच म्हणाली, "इस्त्री मात्र नीट करायची हो ती." मला तेव्हा काय बोलावं सुचलं नाही आणि आजही सुचत नाही.
तुमच्या ओळखीत, घरात, वाचनात असं काही असेल तर लिहा.

झुळूक :
किल्लीवालाच ना? मी अर्धा बघून झोपले, शेवट कोणी सांगू नका प्लीज प्लीज

पानगळ :
नाही सांगत गं, निवांत बघ.

रात्रपाळी :
ब्रेकमध्ये लिहितोय त्यामुळे घाईत. फ्रान्समधल्या जाँ-क्लोद रोमाँची केस कोणी वाचलीये का? घरी, आईवडिलांना, मित्रांना, सगळ्यांना सांगितलेलं की मी डॉक्टर आहे आणि जिनिव्हाला जागतिक आरोग्य संघटनेत संशोधन करतो. मुळात मेडिकलच्या दुसऱ्या वर्षाची परीक्षाच पार केलेली नव्हती. आणि हे तब्बल १८ वर्षं चाललं! रोज तयार होऊन घरून निघायचा आणि गाडी पार्किंगमध्ये लावून बसून राहायचा, नाहीतर जंगलात हिंडायचा. पैसे कुठून, तर नातेवाईकांनी गुंतवायला म्हणून विश्वासाने दिलेले. उघड पडणार असं दिसल्यावर जानेवारी १९९३ मध्ये त्याने बायको, दोन्ही मुलं आणि स्वतःचे आईवडील, सगळ्यांना मारलं. मला त्या खुनांइतकंच त्या पार्किंगमधल्या दिवसांचं भय वाटतं. दुसरी बाई, दुसरं घर हे निदान कळण्यासारखं तरी आहे, इथे दुसऱ्या बाजूला काहीच नव्हतं, नुसता वेळ काढणं. कुठल्या लेखकाने हे कल्पनेतून लिहिलं असतं तर आपणच म्हटलं असतं की छे, असं कुठे असतं का.

चांदणवेल :
बापरे. मुलांना का पण :(

सुट्टे पैसे :
रात्रपाळी, तुमची पोस्ट वाचून हात थंड पडले कारण आमच्या घरात याची छोटी आवृत्ती झालीये. नवऱ्याची नोकरी गेली होती आणि तो कित्येक महिने रोज सकाळी बॅग घेऊन निघत होता, संध्याकाळी वेळेवर परत. दमलेलाही असायचा, ते नाटक नव्हतं, दिवसभर लायब्ररीत बसून अर्ज करत बसायचा. मला कळलं ते ओळखपत्रावरून. आल्या आल्या गळ्यातली ती निळी पट्टी काढून दाराजवळच्या हुकला अडकवायची त्याची सवय आणि एक दिवस केर काढताना वर बघितलं तर हुक रिकामा. कधीपासून रिकामा ते आठवेना. विचारलं तर तो खाली बसला आणि रडायलाच लागला. लफडं असतं तर बरं असा विचार तेव्हा मनात आला होता, निदान भांडता तरी आलं असतं. दर महिन्याला पगार म्हणून जे येत होतं ते कर्ज होतं. अजून फेडतोय.

पानगळ :
ताई _/\_ पुढे सावकाश सांगा, नाही सांगितलं तरी चालेल.

चांदणवेल :
मिठी. तुम्ही दोघं आता कसे आहात?

सुट्टे पैसे :
बरे आहोत. त्याला काम मिळालंय. आता बँकेचं ॲप दोघांच्या फोनवर आहे, महिन्यातून एकदा शेजारी बसून सगळं बघतो. सुरुवातीला त्याला ते फार झोंबायचं पण मी सोडलं नाही.

खिडकीतून :
जरा वेगळा मुद्दा. असल्या गोष्टीत वाचणाऱ्याला आधी कळावं की बायकोला? सस्पेन्स सिनेमे करणाऱ्या हिचकॉकचं ते टेबलाखालच्या बॉम्बचं उदाहरण आहे ना, बॉम्ब अचानक फुटला तर १५ सेकंदांचा धक्का आणि आपल्याला आधीच दाखवला तर १५ मिनिटं जीव टांगणीला. नवराबायकोच्या थ्रिलरमध्ये हे फार लागू पडतं. नवरा दुसऱ्या फोनवर बोलून येतो, तो फोन आपण बघितलेला असतो, आणि मग तो बायकोला विचारतो, "औषध घेतलंस का?" एरवी प्रेमाचं वाक्य, पण आता तेच ऐकताना अंगावर काटा येतो. मारामारीपेक्षा असले प्रसंग जमले तरच ते पुस्तक माझ्या लेखी थ्रिलर.

रात्रपाळी :
पूर्ण सहमत. पण शेवटच्या २० पानांत नवरा एकदम राक्षस होतो ते मला नाही पटत. खरी माणसं आदल्या दिवशीपर्यंत मुलांचा अभ्यास घेत असतात.

जुनं दप्तर :
मुलांवरून आठवलं, चार्ल्स लिंडबर्ग. १९२७ मध्ये एकट्याने विमानातून अटलांटिक ओलांडणारा, जगभर चेहरा माहीत असलेला माणूस. त्याची युरोपात तीन बायकांपासून सात मुलं होती! तो १९७४ मध्ये गेला आणि २००३ मध्ये डीएनए चाचणीने त्यातल्या एका कुटुंबाचं पक्कं सिद्ध झालं. त्या मुलांना बाबांचं नाव कॅरू केंट असंच माहीत होतं. वर्षातून थोडे दिवस यायचे, खेळायचे, जायचे. सांगा आता, त्या मुलांनी बाबांचे लाड खोटे समजायचे का? मला नाही वाटत. नाव खोटं होतं, पण खांद्यावर बसवून फिरवलं असेल तर ते फिरणं तर खरंच होतं ना.

उंबरठा :
जुनं दप्तर, माफ करा पण मला हे फार सोपं करून सांगितल्यासारखं वाटतं. माझे वडील असेच होते आणि आम्ही 'दुसरे' होतो. शाळेच्या कार्यक्रमाला कधी नाहीत, फोटो काढायला कधी नाहीत. लाड होते, पण लाडांवर नेहमी घड्याळ लावलेलं. मी मोठी झाल्यावर मला समजलं की आईलाही लग्नानंतर बऱ्याच वर्षांनी कळलं होतं, ती काही मुद्दाम कोणाच्या संसारात गेली नव्हती. पानगळ, तुमच्या मावशींच्या गोष्टीत घडी घालणारी बाई आहे ना, ती माझी आई असू शकली असती. तिलाही कदाचित बॅगेतल्या दुसऱ्या घड्या दिसत असतील.

पानगळ :
उंबरठा, मी हे दोनतीनदा वाचलं. त्या बाजूने मी कधीच विचार केला नव्हता. मावशीला वाचून दाखवू का?

उंबरठा :
दाखवा. जरूर.

जुनं दप्तर :
उंबरठा, तुमचं म्हणणं पटलं. घड्याळाचं विशेष.

सायंतारा :
मुलाला क्लासला सोडून गाडीत बसून टाइप करतेय, चुका समजून घ्या. ब्रिटनमधलं पोलिसांचं प्रकरण इथे यायलाच हवं. आंदोलनं करणाऱ्या गटांत पोलीस खोट्या नावाने घुसायचे आणि तिथल्या बायकांशी वर्षानुवर्षं संसार केल्यासारखे राहायचे, एकीला तर मूलसुद्धा झालं. मग एक दिवस मन ठीक नाही अशी चिठ्ठी ठेवून गायब. एका बाईने काळजीपोटी त्याला शोधायला कागदपत्रं धुंडाळली तर त्या नावाचा मुलगा आठव्या वर्षीच वारलेला निघाला! मेलेल्या मुलाचं नाव वापरून हा तिच्यासोबत राहत होता. २०१५ मध्ये लंडन पोलिसांनी सात बायकांची जाहीर माफी मागितली. थ्रिलरमध्ये बायको मदतीसाठी पोलिसांकडे पळते. इथे ती कुठे पळणार होती?

चांदणवेल :
माझं डोकंच बंद पडलं हे वाचून

झुळूक :
आत्ता सिनेमा संपवला!! पानगळ, मला वाटलेलं किल्ली बँकेच्या लॉकरची असेल, ते गोडाऊन निघालं तेव्हा मी किंचाळले, घरातले धावत आले.

खिडकीतून :
झुळूक, शेवट सांगू नका म्हणणारी तूच ना :D

झुळूक :
अय्यो सॉरी सॉरी

अनामिक पान :
नवीन आयडी काढून लिहितेय. सगळं वाचलं. माझ्या हातात सध्या एका फ्लॅटच्या भाडेकराराची झेरॉक्स आहे, नवऱ्याच्या नावाची, आणि तो फ्लॅट मला माहीत नाही. तो आठ वाजता घरी येतो. विचारू का आज?

सुट्टे पैसे :
अगं थांब. आज एकटीने विचारू नकोस. कागदाचा फोटो काढ, कागद जिथे होता तिथेच ठेव. करार दुसऱ्या कशाचाही असू शकतो, ऑफिसचं असेल, मित्रासाठी घेतला असेल, पण ते कळायच्या आधी तुझ्या बाजूचं एक माणूस तुझ्याजवळ हवं. कोण आहे?

सायंतारा :
हो, आणि तो फोटो तुझ्या फोनवरच ठेवू नकोस, आणखी कोणाला तरी पाठव. तुझे स्वतःचे कागद, मुलांचे दाखले, पासबुक एका जागी आण. तो रागावला की हात उचलतो का? तसं असेल तर आज घरी थांबूच नकोस.

अनामिक पान :
नाही, तसा नाहीये तो. बहीण आहे. तिला फोन केला, ती निघालीये.

उंबरठा :
छान केलंस. फोटो तिला आत्ताच पाठव, ती पोचायची वाट बघू नकोस. आम्ही इथे आहोत, जमेल तेव्हा लिही.