धाब्याची घरं पाडून घरकुलं बांधली म्हणजे खान्देशातली गावं टिकतील का?

पांझराकाठ:
साक्रीकडच्या गावांत सध्या एकच चाललंय. सरकारी घरकुल मंजूर झालं की धाब्याचं, म्हणजे मातीच्या सपाट छताचं, घर पाडायचं. सागाचे खांब, तुळया, कड्या लाकूड घेणारा पडेल भावात उचलतो आणि त्या जागी चार इंची भिंतींची खोली उभी राहते. घरकुलाच्या मूळ 1 लाख 20 हजारांच्या अनुदानात स्लॅब पुरा झाला तर झाला, नाहीतर वर पत्रे. एप्रिल-मेमध्ये पारा 44-45 वर गेला की म्हातारी माणसं त्या खोलीतून उठून मारुतीच्या पारावर येऊन बसतात. शेजारी एखादं धाबं शिल्लक असेल तर त्यात दुपारी दोनला जाऊन बघा. दीड हात जाड मातीची भिंत, कड्यांवर पाला, त्यावर खाऱ्या मातीचा थर, मधे उजेडाला सानं. पंख्याशिवाय झोप लागते.

माझं म्हणणं सरळ आहे. गाव ओस पडू द्यायचं नसेल तर नव्या बांधकामाआधी जुन्याच्या दुरुस्तीला पैसा द्या. आणि घराबरोबर पाण्याचं बघा. पांझरेवर फडाचे बंधारे आहेत, काही तीनशे वर्षांच्या पुढचे. नदीवर दगडी बांध, त्यातून पाट, पाटाखालच्या जमिनीचे फड, एका फडात सगळ्यांचं एकच पीक. पाटकरी पाणी सोडायचा, जागल्या राखण करायचा, आणि पाणी कमी असलं की टंचाई सगळ्यांनी सारखी वाटून घ्यायची. वर धरणं झाली, विहिरींवर मोटारी बसल्या, पाट गाळानं भरले. तो गाळ काढून पाट वाहता करणं नव्या योजनेपेक्षा स्वस्त पडेल. पिकाला पाणी असलं तर माणूस थांबतो, आणि थांबलेल्या माणसाला राहण्याजोगं घर लागतं.

उधना_मुक्काम:
दादा, मी बारा महिने सुरतेत असतो, म्हणून स्पष्ट बोलतो. घर गरम होतं म्हणून आम्ही गाव सोडलं नाही. कापसाला भाव नाही, पावसाचा भरवसा नाही, आणि लूमवर महिन्याच्या महिन्याला पगार मिळतो. इथं पत्र्याच्या खोलीत राहतोच ना आम्ही? उकाडा इथंही आहे. माझी आजी म्हणते, "घर कितलं बी भारी बांधा, पन पोरगी कोन दी?" गावात शेती करणाऱ्या पोराला मुलगी मिळत नाही, हे आधी सोडवा. भिंत मातीची की सिमेंटची, हा प्रश्न पोट भरलेल्यांचा.

तापीची_लेक:
धाब्याच्या गारव्याचं कौतुक करणाऱ्यांनी ते घर सारवलंय का कधी? जमीन शेणानं सारवायची, भिंतीचे पोपडे लिंपायचे, आखाजीनंतर (अक्षय्य तृतीया) पावसाआधी धाब्यावर नवी खारी चढवायची. निसणीवरून माती वर नेणारे हात कुणाचे असतात? आषाढात धाबं गळायला लागलं की रात्रभर घरातली भांडी गळतीखाली मांडत बसते ती आई. सान्यातून विंचू पडतो, कड्यांना वाळवी लागते. माझ्या आईला घरकुल मिळालं तेव्हा फरशी पुसताना ती रडली होती. तिला ती गरम खोली त्या गार घरापेक्षा प्यारी आहे. ठरवताना तिला विचारा.

पांझराकाठ:
ताई, तुमचं म्हणणं मान्य. कष्ट बाईच्या अंगावर टाकून घर जपायचं, याला मी सुधारणा म्हणणार नाही. पण गळती आणि सारवण या दोन्हींवर उपाय आहेत. आत शहाबादी फरशी घाला, खालचे तीन फूट दगड-चुन्यात बांधून घ्या, जुन्या कड्यांवर जलरोधक कागद टाकून मग मातीचा थर द्या. दरवर्षीची खारी सुटते. विंचवासाठी सान्याला जाळी. भिंत मात्र मातीचीच राहू द्या, गारवा तिच्यामुळं आहे.

उधना_मुक्काम भाऊ, पोट भरण्याचं म्हणाल तर बारीपाड्याकडं बघा. आपल्याच तालुक्यात, डोंगरात, निव्वळ आदिवासी पाडा. जंगल तोडून उघडं पडलं होतं, पाणी नव्हतं, लोक बाहेर जात होते. गावानं कुऱ्हाडबंदी केली, दंड लावले, चारशे हेक्टरच्या आसपास जंगल राखलं, चर खोदले. पाणी परत आलं, तशी शेतीही सावरली. यात पुढं असलेल्या चैत्राम पवारांना 2025 साली पद्मश्री मिळाली ती याच कामासाठी.

काळीमाती_इंजिनिअर:
बारीपाड्याला जंगल होतं आणि गाव लहान, एका विचाराचं. चोपडा-अमळनेरच्या मोठ्या बागायती गावांत, जिथं चार पक्ष आणि आठ गट, तिथं तो धडा जसाच्या तसा चालत नाही.

आता बांधकामाचं. सगळं गावठाण पांढरीवर, म्हणजे पांढऱ्या मातीच्या जागेवर, असतं असं नाही, विस्तार काळ्या जमिनीत होतो. काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. तिच्यावर उथळ पाया घातला की भिंत माती-सिमेंट कशाचीही असो, तडे जाणारच. घरकुलांना तडे का जातात ते यातच आहे. आणि सागाची नवी तुळई आज सामान्य माणसाच्या आवाक्यात नाही, त्यामुळं नवं धाबं विसरा. पण स्वस्त भिंतीचा पर्याय आहे: दीपनगरच्या औष्णिक केंद्राची राख भुसावळच्या उशाशी पडून असते, तिच्या विटांची नऊ इंची भिंत बांधा आणि पश्चिमेला ओसरी काढा. उन्हाचा मारा ओसरीवर येतो, खोलीवर नाही. घरकुलाच्या मार्गदर्शक सूचनांतही स्थानिक साहित्याला आणि हवामानाला धरून रचनेला जागा आहे, ती वापरणारा कुणी नाही एवढंच.

तापीची_लेक:
ओसरी कुठून काढणार? घरकुलाच्या 25 चौरस मीटरमध्ये स्वयंपाकघरसुद्धा आलं.

वाड्याचा_वारस:
सगळे भिंतीवर बोलताय, मूळ अडचणीला कुणी हात घालत नाही. आमचा वाडा कुलूपबंद आहे. उताऱ्यावर आजोबांचं नाव, खाली वारस म्हणाल तर नाशिक, पुणे, सुरत, एक आत्या बऱ्हाणपुरात. मला एक तुळई बदलायची होती. दोघांनी सही दिली, तिसरा म्हणाला, तू दुरुस्त करशील आणि उद्या वाडा तुझाच म्हणशील. झालं. गेल्या पावसाळ्यात मागची भिंत बसली. कोणतीही दुरुस्ती योजना आणा, अर्जावर सही करणार कोण?

2020 च्या स्वामित्व योजनेत ड्रोननं गावठाण मोजून मालमत्ता पत्रक देतात, ते चांगलंच आहे. पण पत्रकावर एकाऐवजी अकरा नावं आली तर भांडण फक्त पक्कं होतं. गावात अशी किती घरं पडून आहेत ते ग्रामपंचायतीला माहीत असतं. ती दहा वर्षांच्या करारानं गावातल्याच गरजू कुटुंबाला, शिक्षिकेला, नर्सबाईला राहायला द्यावीत, मालकी वारसांकडेच, दुरुस्तीचा खर्च सरकारी. मी माझी सही आज देतो.

उधना_मुक्काम:
हे पटतंय थोडं. आमचंही घर बंद आहे. पण दहा वर्षांनी राहणारा निघालाच नाही तर? आमच्याकडं एकदा शिरलेला भाडेकरू कोर्टातून काढायला एक पिढी जाते.

वाड्याचा_वारस:
म्हणून करार ग्रामपंचायतीशी, राहणाऱ्याशी नाही. भाडेकरू तुमचा नाहीच. घर रिकामं करून देण्याची जबाबदारी पंचायतीची, ग्रामसभेच्या ठरावानं.

तापीची_लेक:
शिक्षिका राहायला येईल ती फरशी, आतली मोरी, आतला संडास असेल तरच. हे करारात पहिल्या ओळीत लिहा.

पांझराकाठ:
लिहू. श्रावणात कानबाईच्या सणाला सगळ्यांचे भाऊबंद रोट खायला गावी येतातच. उधना भाऊ, तुम्हीही याल. वारस एका जागी असताना ग्रामसभा लावा आणि कुलूपबंद घरांची यादी वाचा. फडाच्या पाटाचा विषय मी त्याच सभेत घेतो.

उधना_मुक्काम:
कानबाईला येणारच आहे. पण सही करण्याआधी पंचायतीचा ठराव हातात लागेल. आणि पाटाला पाणी आलं तर शेत कसायला माझा धाकटा थांबतो म्हणतोय, त्याचं लग्न जमलं तर.