मदत हवी आहे: सतत वर चढणारं लेकरू, दुसरा मजला आणि जळगावचा उन्हाळा

नमस्कार मंडळी,

मुलगा वीस महिन्यांचा आहे आणि त्याला जमिनीवर खेळायचंच नसतं. खेळणी खाली पडून राहतात आणि हा दिवाणावरून खिडकीच्या कट्ट्यावर, सोफ्याच्या हातावरून टीव्हीच्या टेबलावर. परवापासून नवा शोध लागलाय: ड्रॉवरचे खालचे कप्पे ओढायचे आणि त्यांची पायरी करायची. सासूबाई 'हाऊ पोऱ्या काही ऐकस नही, वांदरनी जात शे' म्हणून कपाळाला हात लावतात आणि लगेच त्यालाच मांडीवर घेऊन भरीत-भाकरी भरवतात. म्हणजे धाक कुणाचाच नाही.

हिवाळ्यात प्रश्न नव्हता. बहिणाबाई उद्यानात, नाहीतर मेहरूण तलावावर नेलं की दमून यायचा. आता पारा 44-45 वर. सकाळी नऊनंतर बाहेर काढायची सोय नाही, आणि संध्याकाळी ऊन उतरलं तरी गच्ची तापलेलीच. आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) माहेरी चोपड्याकडे गेले होते तेव्हा ओसरी, ओटा, धान्याच्या गोण्या आणि चार मामेभावंडं होती, तिथे त्याने कुणाला त्रास दिला नाही. इथे एक हॉल, एक बेडरूम, किचन. मिस्टर सकाळच्या गाडीने भुसावळला जातात ते रात्री येतात. सासूबाईंचे गुडघे दुखतात, त्यांना त्याच्यामागे पळता येत नाही.

तर घरातल्या घरात, पडून डोकं न फोडता, त्याची ही रग जिरेल असं काय करता येईल? चढायला लाकडी त्रिकोणी शिडी मिळते म्हणे, ती ऑनलाइन फार महाग दिसते. सुताराकडून करून घेतली तर मापं काय सांगायची? घर भाड्याचं आहे, भिंतीला भोकं पाडलेली घरमालकांना चालतील का माहीत नाही. आणि खालच्या मजल्यावर एक आजोबा दुपारी झोपतात, धपाधप आवाज झाला की ते जिन्यात येऊन उभे राहतात.

मोबाइल लावून द्या, हे कृपया सुचवू नका. ते मलाही सुचतं, रोज सुचतं. फ्लॅशकार्डंही नकोत. त्याला बसायचं नाहीये हाच तर मुद्दा आहे.

तापीकाठ:
वॉकरमध्ये बसवा, तासभर निवांत. आमच्याकडे सगळी पोरं वॉकरमध्येच वाढली. नाहीतर ते छोटं ट्रॅम्पोलिन मिळतं, जाळीवालं.

कळण्याची भाकरी:
तापीकाठ, राग मानू नका, पण दोन्ही नको. वॉकरची विक्री कॅनडाने 2004 मध्येच बंद केली, कारण चाकं लागली की पोर जिन्यापर्यंत, चुलीपर्यंत क्षणात पोचतं. शिवाय हा मुलगा चालतो, पळतो, त्याला वॉकर कशाला? आणि ट्रॅम्पोलिन सहा वर्षांच्या आत वापरूच नये, असं अमेरिकेतल्या अस्थिरोगतज्ज्ञांच्या संघटनेचं म्हणणं आहे. लहान हाडांना तो झटका सोसत नाही.

आता ताई, तुमच्यासाठी. धुळ्यात बरीच वर्षं बालवाडी चालवते आहे, तुमच्या लेकासारखी बाळं दरवर्षी येतात. या वयात चढणं म्हणजे खोड्या नव्हेत. पाय, कंबर, हात एकदम कामाला लागलेत आणि ते वापरून बघितल्याशिवाय त्याला चैन पडणार नाही. जागतिक आरोग्य संघटनेने 2019 मध्ये पाच वर्षांखालच्या मुलांसाठी सूचना काढल्या, त्यात एक ते दोन वर्षांच्या मुलाने दिवसभरात मिळून किमान 180 मिनिटं अंग हलवावं असं आहे. तीन तास! एका दमात नव्हे, दिवसभर विखरून. तेव्हा तुमचा मुलगा नियमाप्रमाणेच वागतोय.

'चढू नको' हे शंभरदा म्हणून काही होत नाही. घरात एक जागा अशी करा की तिथे चढायला केव्हाही मुभा, आणि बाकीच्या जागी चढताच येणार नाही अशी व्यवस्था. नुसती मनाई नको, व्यवस्थाच हवी. दिवाण खिडकीखाली असेल तर आजच हलवा, ग्रील असली तरी. ग्रीलला आडव्या पट्ट्या असतील तर ती त्याच्यासाठी शिडीच आहे. खुर्ची, स्टूल, टीपॉय खिडकीपासून आणि ओट्यापासून दूर. ड्रॉवरला कुलूप, नाहीतर कडी. ड्रॉवर उघडून मूल त्यावर उभं राहिलं की सगळं वजन पुढे येतं आणि अख्खं कपाट अंगावर पडतं. टीव्हीचंही तेच.

मुभा असलेल्या जागेसाठी गाद्या काढा. फोमच्या नको, त्यात पाय रुततो आणि मुरगळतो. आपल्याकडच्या जुन्या कापसाच्या, वापरून वापरून दडस झालेल्या गाद्या उत्तम. हॉलच्या ज्या कोपऱ्यात टोकदार काही नाही तिथे एक पसरा, तिच्यावर घडी घातलेली दुसरी, वर लोड. झाल्या पायऱ्या. खाली रबरी जाळी किंवा योगा मॅट घाला, नाहीतर फरशीवर गादी निसटते. मोजे काढा, अनवाणीच राहू द्या. गाद्यांमुळे खालच्या आजोबांची झोपमोडही बरीच कमी होईल.

पण नुसतं चढून ही मुलं दमत नाहीत, हे लक्षात ठेवा. दमतात ती ओढून, ढकलून, उचलून. केळीचं रिकामं प्लास्टिकचं कॅरेट जळगावात तुम्हाला सहज मिळेल. खाली जुनी गोधडी बांधा म्हणजे आवाज नाही आणि फरशीवर सरकतंही. आत तूरडाळीची बंद पाकिटं ठेवा आणि 'आजीला डाळ नेऊन दे' म्हणा. हॉलमधून बेडरूम, बेडरूममधून किचन. माझ्याकडचा एक मुलगा कॅरेट ढकलताना जीभ बाहेर काढून, कपाळावर घाम येईस्तोवर ढकलायचा, आणि दाराच्या उंबऱ्याशी अडलं की मागे जाऊन पुन्हा धडक द्यायचा. त्याला मदत केलेली आवडायची नाही.

सासूबाईंना पळवू नका, त्यांना बसूनच खेळात घ्या. त्या दिवाणावर बसतील, मोज्यांचे गोळे खोलीभर फेकतील, हा आणून टोपलीत टाकेल. कांदे-बटाटे एकेक करून किचनमधून त्यांच्यापर्यंत आणायचे. दोन खुर्च्यांवर जुनी साडी टाकून बोगदा करायचा, पलीकडे आजीचं तोंड. फरशीवर रंगीत टेप चिकटवून तिच्यावरून चालायचं. बेडूकउड्या गादीवरच, फरशीवर नको. रोज सगळं काढू नका. एक खेळ कपाटात गेला आणि चार दिवसांनी बाहेर आला की नवा होतो.

हे मात्र टाळा: फुगे (फुटलेला तुकडा घशात बसतो), खेळायला म्हणून राजमा, मका, हरभरे (नाकात जातात, आणि आपण शोधत बसतो), शेंगदाणे. आणि घरातली साडीची झोळी आता सोडून ठेवा. तान्ह्यासाठी ठीक होती, चढणाऱ्या मुलाच्या मानेला तिचा फास बसू शकतो. पडद्याच्या दोऱ्या, ओढण्या, पट्टे हेही आवाक्याबाहेर.

भुसावळ जंक्शन:
वरच्या प्रतिसादात कूलर राहिला. आपल्याकडे उन्हाळ्यात पोरांना सर्वांत जवळचा धोका तोच. खिडकीत बसवलेला असेल तर पोर कट्ट्यावर चढून थेट जाळीपर्यंत जातं. पत्र्याचा कूलर असेल तर अर्थिंग इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्या आणि बोर्डाला 30 मिलिअँपिअरचा ईएलसीबी बसवा. करंट गळला की तो लगेच लाइन तोडतो. कूलरमध्ये पाणी भरताना आधी प्लग काढा, बटण बंद करून भागत नाही. आणि पाणी भरायची बादली भरलेली तशीच सोडू नका. चार बोटं पाण्यातही लहान मूल बुडतं, कारण तोंडावर पडलं की डोकं उचलता येत नाही. कूलर हॉलमध्ये असेल तर गाद्या त्याच्यापासून लांबच्या भिंतीला टाका.

मेहरूणची बोरं:
उन्हाचं मीही सांगते. सावलीत असला तरी उड्या मारून ही मुलं तापतात. मधूनमधून पाणी, ताक देत राहा, मागायची वाट बघू नका. भर दुपारी दोन ते चार आमच्याकडे उड्या बंद. तेव्हा मोरीत बसवून मग्याने पाणी ओतणं, आणि मी शेजारी पाटावर. पाणी संपलं की खेळ संपला. मूल सुस्त पडलं, अंग भाजतंय, उलट्या होताहेत, लघवी नेहमीपेक्षा कमी झाली, तर घरगुती उपाय करत बसू नका, दवाखाना गाठा.

आजीबाईंचा बटवा:
माय व, मन्हा नातूबी असाच शे! त्याले चढू द्या, पन उतरानं शिकाडा. आम्ही माळवदाच्या घरात पोरं वाढवली, शिडी कायम लावलेली असायची. चढायला कुणी शिकवत नाही, उतरायला शिकवावं लागतं. पोर दिवाणावर चढलं की त्याला धरून पोटावर पालथं करायचं, 'पाय आधी, पाय आधी' म्हणत खाली सरकवायचं. रोज, दर वेळी. थोड्या दिवसांत तो आपणहून पाठमोरा होऊन उतरतो. डोकं पुढे करून उतरणारं पोर पडतं, पाय पुढे करून उतरणारं बसतं.

रंधा आणि पटाशी:
ताई, सुतारकाम माझं. मापं लिहून घ्या.

उंची अडीच फुटांच्या वर नको. दोन वर्षांखालच्या मुलाला तेवढी भरपूर झाली, आणि तेवढ्यावरून पडला तरी गादी असली की निभावतं. दांडे गोल हवेत, त्याच्या मुठीत पूर्ण मावतील असे, साधारण तीन सेंटिमीटर जाड. मुख्य गोष्ट दोन दांड्यांमधली मोकळी जागा. ती नऊ सेंटिमीटरपेक्षा कमी ठेवा. नऊ ते तेवीसच्या मधली फट सर्वांत वाईट, कारण अंग आरपार जातं आणि डोकं अडकतं. बाल्कनीचे गज आणि ग्रीलही याच मापाने बघा.

बिजागरीची, घडी होणारी शिडी सांगू नका. बोटं चेमटतात, आणि कडी नीट लागली नाही तर वजन पडताच ती पसरते. घट्ट बसवलेला त्रिकोण करून घ्या, खालून आडवी पट्टी जोडून, पाया रुंद. दांडे नुसते खिळ्यांनी ठोकलेले नकोत, बाजूच्या फळीत भोक पाडून आत बसवलेले आणि स्क्रूने आवळलेले. आधी तुम्ही स्वतः त्याच्यावर जोर देऊन बघा. प्लायवुडच्या कडा सोलतात, त्यापेक्षा साधं सागाचं नाहीतर बाभळीचं भरीव लाकूड घ्या. कडा गोल, काचपेपर दोनदा. चकाकी आणणारं पॉलिश नको, पाय घसरतो आणि पोर ते चाटतंच. वाळायला वेळ दिला तर जवसाचं तेल पुरे. आणि त्रिकोण भिंतीला टेकवून नाही, खोलीच्या मध्ये ठेवा, चारी बाजूंनी गादी.

खर्च लाकडावर ठरतो. आधी भाव काढा, मग ऑनलाइनशी ताडून बघा.

पुन्हा मी (धागाकर्ती):
सगळ्यांचे मनापासून आभार. एवढं सविस्तर कुणी लिहील असं वाटलं नव्हतं.

दिवाण खिडकीपासून हलवला. सासूबाईंना आधी पटलं नाही, त्यांना तिथे वारा लागायचा, पण कूलरचं तोंड फिरवून दिल्यावर चालतंय म्हणाल्या. गाद्यांचा डोंगर झाला आहे. त्यावर पहिल्याच दिवशी स्वारी केली आणि माथ्यावर बसून आजीला 'ये' म्हणाला. कॅरेट शेजारच्या केळीवाल्या काकांनी असंच दिलं, पैसे घेतले नाहीत. त्यात त्याने डाळीपेक्षा जास्त आवडीने स्वतःच्या चपला नेल्या. 'पाय आधी' सुरू केलंय. दिवाणावरून जमतं, सोफ्यावरून अजून उडीच मारतो.

खालच्या आजोबांना मी स्वतः जाऊन वेळ विचारली. दीड ते साडेतीन ते झोपतात. तेवढ्यात मोरीचा खेळ, बाकी वेळ आमचा. त्यांचा राग बराचसा विचारण्यानेच गेला असावा.

आता अडलंय ते ड्रॉवरच्या कपाटाशी. ते अंगावर पडू नये म्हणून भिंतीला पक्कं करायचं म्हटलं, तर घरमालक भोकं पाडू देत नाहीत. स्पष्ट 'नाही' म्हणाले. काय करू?

रंधा आणि पटाशी:
मालकांना सांगा, घर सोडताना भोक पुट्टीने बुजवून वर रंगाचा हात मारून देऊ, आणि हे लिहून द्या. एल क्लॅम्पला (कपाट भिंतीला धरून ठेवणारी एल आकाराची पट्टी) लागून लागून दोन भोकं, तीही कपाटाच्या मागे झाकली जातात. बहुतेक ऐकतात.

तरीही नाहीच ऐकले तर ते कपाट मुलाच्या वावरातून उचला. बेडरूममध्ये नेऊन दार बंद ठेवा. तेही जमत नसेल तर सगळे कप्पे कुलूपबंद, जड सामान सगळ्यात खालच्या कप्प्यात, आणि वर टीव्ही, पितळी भांडी, खेळणी काहीच नको. वर त्याला हवंसं काही दिसलं की तो चढतोच. पण ही निम्मी सोय झाली, क्लॅम्पची सर तिला नाही. चिकटपट्टीचे पट्टे मिळतात त्यांच्यावर मात्र विसंबू नका, आपल्याकडच्या उन्हात डिंक सैल होतो.

भुसावळ जंक्शन:
एल क्लॅम्प लावायचा झाला तर भिंतीत आधी स्क्रू धरणारा प्लॅस्टिकचा प्लग बसवा, नुसत्या प्लॅस्टरमध्ये स्क्रू धरत नाही. आणि भोक पाडायच्या आधी आतून वायरची पाइप जात नाही ना, हे बोर्डाच्या रेषेवरून बघा.

कळण्याची भाकरी:
एवढं सगळं करूनही तो एकदा तरी पडेलच. टेंगूळ आलं, रडला, जवळ घेतल्यावर शांत झाला आणि पुन्हा खेळू लागला, तर घाबरू नका. पण शुद्ध हरपली, पुन्हा पुन्हा उलटी झाली, झटका आला, नेहमीसारखा जागा होत नाही, कानातून-नाकातून पाणी किंवा रक्त आलं, तर वाट न बघता दवाखाना. 108 फोनमध्ये नाही, सासूबाईंच्या नजरेसमोर भिंतीवर मोठ्या आकड्यात लिहून चिकटवा. तुम्ही बाजारात गेलेल्या असाल तेव्हा फोन त्यांनाच करावा लागेल.

पुन्हा मी (धागाकर्ती):
108 लिहून फ्रीजला लावला. घरमालकांना लिहून देते म्हटल्यावर 'बघू' म्हणाले, म्हणजे 'नाही'वरून 'बघू'पर्यंत आले. तोवर कपाट बेडरूममध्ये, दाराला वरची कडी.

त्रिकोणाचं माप घेऊन मिस्टर रविवारी सुताराकडे जाताहेत. फटीचं माप तो नीट ठेवेल ना, हे कसं बघायचं?

रंधा आणि पटाशी:
त्यालाच बरोबर नऊ सेंटिमीटरचा लाकडी ठोकळा कापून मागा. शिडी तयार झाली की प्रत्येक फटीत घालून बघा. एकाही फटीतून आरपार गेला तर शिडी उचलू नका, दुरुस्त करून घ्या. ठोकळा घरी आणा, बाल्कनीलाही लागेल.