जुनी चेनसॉ गरम झाली की बंद पडते: इंजिन गेले आहे की दोष कार्बोरेटरचा?

काजूबाग_दापोली:
गेल्या महिन्यात मी 58 सीसीची, 22 इंची पट्टीची जुनी चेनसॉ ओळखीतून साडेचार हजार रुपयांना घेतली. 3 जून 2020 च्या निसर्ग चक्रीवादळात आमच्याकडच्या बागा आडव्या झाल्या, तेव्हा पडलेली झाडे कापण्यासाठी अनेकांनी अशी यंत्रे घेतली होती. हे त्यांपैकीच एक असून गेली दोन वर्षे पडवीत पडून होते, असे विकणाऱ्याने सांगितले. थंड असताना ते तीन-चार ओढींत सुरू होते आणि कमी रेसवर नीट चालते. मात्र आंब्याच्या जाड फांदीत पट्टी घालून पूर्ण रेस दिली की पाच-सात मिनिटांत आवाज चिरका होतो, जोर जातो आणि यंत्र बंद पडते, ते अर्धा तास निवल्याशिवाय पुन्हा सुरू होत नाही. विकणारे म्हणतात फक्त ट्यूनिंग करा, तर गावातील दुचाकी दुरुस्त करणारे म्हणतात पिस्टन-सिलिंडर बदला. प्लग नवा घातला, एअर फिल्टर धुतला, फरक नाही. पेट्रोलमध्ये लिटरला 20 मिली टू-स्ट्रोक ऑइल घालतो. खर्चात पडण्यापूर्वी इंजिन शाबूत आहे की नाही, हे घरी कसे ओळखावे? शिवाय काप उजवीकडे वळतो, त्याचा याच्याशी काही संबंध असेल का?

जुना_मिस्त्री:
सर्वप्रथम ती चालवणे थांबवा. चिरका आवाज म्हणजे इंजिनाला हवा जास्त आणि पेट्रोल कमी मिळत आहे, आणि टू-स्ट्रोकमध्ये ऑइल पेट्रोलबरोबरच आत जात असल्यामुळे पेट्रोल कमी पडले की वंगणही कमी पडते. म्हणजे ती जितक्या वेळा अशी तापून बंद पडेल तितक्या वेळा पिस्टन थोडा थोडा खरवडला जाईल. त्यात तुमचे 20 मिलीचे प्रमाण म्हणजे पन्नासास एक झाले. काही कंपन्या स्वतःच्या चांगल्या ऑइलसाठी ते सांगतात हे खरे, परंतु 58 सीसीच्या बहुतेक स्वस्त यंत्रांच्या पुस्तिकेत पंचविसास एक, म्हणजे लिटरला 40 मिली असते.

इंजिन पाहण्यासाठी सायलेन्सर काढा, दोरी सावकाश ओढून पिस्टन वर-खाली करा आणि एक्झॉस्टच्या तोंडातून विजेरीने त्याची बाजू न्याहाळा. ही बाजू सर्वांत जास्त तापते, म्हणून ओरखडे प्रथम इथेच उठतात. उभ्या रेघांत नख अडकत असेल तर कार्बोरेटरवर एक रुपयाही खर्च करू नका. नंतर प्लगच्या जागी कॉम्प्रेशन गेज (सिलिंडरमधील दाब मोजणारे मीटर) लावून, रेस पूर्ण दाबून, काटा स्थिरावेपर्यंत दोरी ओढा. 120 पीएसआय किंवा अधिक आले तर इंजिन चांगले. 90 च्या खाली आले तर विकणाऱ्याशी बोला.

कोरडी_ठिणगी:
मिस्त्रींशी सहमत आहे, पण सायलेन्सर उघडण्याआधी दोन फुकटच्या परीक्षा कराव्यात. यंत्र बंद पडताच पेट्रोलच्या टाकीचे झाकण किंचित सैल करा. हवा आत शिरल्याचा फुस्स आवाज आला आणि यंत्र लगेच सुरू झाले, तर टाकीत हवा येण्याचा मार्ग बुजलेला आहे. तसे झाले नाही तर यंत्र गरम असतानाच दुसरा प्लग कॅपला लावून, पेट्रोलपासून दूर, इंजिनाच्या धातूला टेकवून ठिणगी पाहा. गरमपणी ठिणगी नाही आणि निवल्यावर आहे, अशी स्थिती असेल तर दोष ठिणगीसाठी वीज पुरवणाऱ्या कॉइलचा.

दोन्ही ठीक निघाल्यास टाकीतील फिल्टर, पेट्रोलची नळी, कार्बोरेटरमधील पडदे आणि कार्बोरेटर व सिलिंडर यांमधील रबरी जोड तपासा. हल्लीच्या पेट्रोलमध्ये 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. ते ओलावा शोषते आणि जुन्या रबराला मानवत नाही. तोपर्यंत एच स्क्रूला, म्हणजे पूर्ण रेसवर पेट्रोल कमी-जास्त करणाऱ्या कार्बोरेटरच्या स्क्रूला, हात लावू नका. हवा कुठून तरी चोरून आत येत असताना स्क्रूने पेट्रोल वाढवणे म्हणजे कौले फुटलेल्या घरात बादल्या मांडणे.

काजूबाग_दापोली:
दोघांचेही आभार. झाकण सैल करून फरक पडला नाही, ठिणगी गरमपणीही निळी व जोरदार आली. पिस्टनवर दोन पुसट रेघा आहेत, त्यांत नख अडकत नाही. गेज एका मित्राकडून आणले, 125 आले. नळी मात्र टाकीत शिरते त्या ठिकाणी चिरलेली होती आणि कार्बोरेटरचे पडदे वाळक्या पिंपळपानासारखे कडक झाले होते. नळी, फिल्टर आणि पडद्यांचा संच बदलला, ऑइल 40 मिली केले. काल अर्धा तास सलग कापले, एकदाही बंद पडली नाही. काप मात्र अजूनही वळतो.

जुना_मिस्त्री:
तो दोष निराळा. काप ज्या बाजूचे दात लांब व धारदार असतात त्या बाजूला ओढला जातो, म्हणजे तुमच्या चेनचे डावे दात बोथट किंवा आखूड असावेत. तुमची चेन बहुधा 0.325 इंच पिचची (पिच म्हणजे चेनच्या कड्यांच्या अंतराचे माप) असेल, पण पट्टीवरील आकडा वाचून खात्री करा; तिला 4.8 मिमीची गोल कानस लागते. 30 अंशांचा कोन धरून सगळे दात सर्वांत आखूड दाताइतके घासा. तरीही वळला तर पट्टीच्या कडा एका बाजूने झिजल्या आहेत का ते पाहा. पट्टीला जळके ऑइल घालू नका. त्यातील धातूचा चुरा पंप आणि खाच दोन्ही खातो. ऑइल येते का हे पाहायचे तर पट्टीचे टोक वर्तमानपत्रासमोर धरून रेस द्या, कागदावर ऑइलची रेघ उमटली पाहिजे.

आणि हे विचारायचे राहूनच गेले होते: रेस सोडल्यावर चेन पूर्ण थांबते का, आणि पुढचा ब्रेक ढकलताच चालू चेन जागीच अडते का? दोहोंपैकी एकाचेही उत्तर नाही असेल, तर दातांची कानस बाजूला ठेवून आधी क्लचच्या स्प्रिंग आणि ब्रेकची पट्टी पाहा.