मांजरांची औषधं: किती देता, कशी देता, काय फसतं?

मांजर घरात आलं की औषधांचा डबाही आलाच. मांजरांसाठी म्हणून बनलेल्या गोळ्या कमी मिळतात, त्यामुळे व्हेट बऱ्याचदा माणसांची किंवा कुत्र्यांची गोळी पाव-अर्धी करून लिहून देतात, आणि चुका तिथेच होतात. मांजरवाल्यांनो, मात्रा, पद्धत, काय बिघडतं आणि का, तेवढं इथे लिहा. डोस व्हेटला विचारूनच ठरवायचा. इथले आकडे त्यांच्याशी बोलताना हाताशी असावेत म्हणून.

* * *

सर्वांत आधी पॅरासिटामॉल. अर्धी नको, पाव नको, सिरपचा थेंबही नको. हे औषध निकामी करून बाहेर टाकायची यकृतातली सोय मांजरात फार तोकडी असते. मग त्यातून तयार होणारं विष हिमोग्लोबिन बिघडवतं आणि रक्त प्राणवायू वाहून नेईनासं होतं. काही तासांत हिरड्या चॉकलेटी किंवा निळसर होतात, तोंड आणि पंजे सुजतात, धाप लागते. ५०० मिलिग्रॅमची एकच गोळी धडधाकट बोक्याचा जीव घेऊ शकते. उतारा आहे, एन-अ‍ॅसिटिलसिस्टीन, पण तो वेळेत मिळायला हवा. दूध पाजत बसू नका, गोळीचं पाकीट घेऊन निघा. सर्दीच्या गोळ्यांतही पॅरासिटामॉल असतं, घटक वाचा.

* * *

गोळी भरवण्याबद्दल. मांजराला टॉवेलात गुंडाळायचं, फक्त डोकं बाहेर. एका हाताने वरून गालांची हाडं धरून नाक छताकडे करायचं, की खालचा जबडा आपोआप सैल पडतो. दुसऱ्या हाताच्या मधल्या बोटाने पुढचे खालचे दात दाबायचे आणि गोळी जिभेच्या अगदी मुळाशी सोडायची. जिभेच्या टोकावर पडली तर थुंकणारच. तोंड मिटून गळा चोळायचा. जीभ नाकावर फिरली की गोळी गेली.

काम इथे संपत नाही. कोरडी गोळी मांजराच्या अन्ननलिकेत कित्येक मिनिटं अडकून राहते. डॉक्सिसायक्लिन (एक अँटिबायोटिक) असेल तर तिथे जखम होते, पुढे नलिका आकसते आणि खाल्लेलं सगळं उलटून पडायला लागतं. म्हणून गोळीमागे ५-६ मिली पाणी द्यायचंच. सुईशिवायची सिरिंज सुळ्याच्या मागे, गालाच्या कोपऱ्यातून, एका वेळी अर्धा-एक मिली. सरळ घशात पिचकारी मारली तर पाणी फुप्फुसात जाईल.

मेट्रोनिडाझोलने तोंडाला फेस आला तर घाबरू नका, ते भयंकर कडू असतं. रिकाम्या जिलेटिन कॅप्सूलमध्ये घालून द्या.

* * *

पिसवांसाठी कुत्र्यांचे थेंब मांजराच्या मानेवर टाकू नका. त्यात परमेथ्रिन हे कीटकनाशक असेल तर अंग थरथरतं, झटके येतात. टाकलेच असतील तर कोमट पाणी आणि भांड्यांच्या साबणाने लगेच धुवा आणि तसेच व्हेटकडे न्या. झटके सुरू झाले असतील तर धुण्यात वेळ घालवू नका. घरातल्या कुत्र्याला असे थेंब लावले असतील तर दोन-तीन दिवस दोघांना वेगळं ठेवा. खरजेवरचं माणसांचं बेंझिल बेंझोएटही मांजराला विषारीच.

शेपटीखाली तांदळाच्या दाण्यासारखे तुकडे दिसले तर तो पट्टकृमी. त्याला प्राझिक्वांटेल लागतं, नुसत्या पायरँटेलने (गोल जंतांवरचं औषध) तो जात नाही. आणि तो बहुतेकदा पिसू गिळल्याने होतो, त्यामुळे पिसवा राहिल्या तर महिन्याभरात परत हजर.

* * *

किडनी बिघडलेल्या मांजराला घरी कातडीखाली सलाईन देणाऱ्यांसाठी. बाटली रिंगर लॅक्टेटची. डेक्स्ट्रोज कातडीखाली नको. साधारण चार किलोच्या मांजराला एका वेळी १०० मिली सांगतात. बाटली गरम पाण्यात ठेवून दोन थेंब मनगटावर टाकून बघा: गार किंवा गरम, काहीच जाणवायला नको. मूळ पातळीवर आणि १०० मिली खाली पेनाने रेघ मारा. खांद्यांच्या मधली कातडी चिमटीत उचलली की तंबूसारखी पोकळी होते. सुई त्या पोकळीत, पाठीला समांतर. केस ओले झाले तर सुई पलीकडून बाहेर आली आहे, थोडी मागे घ्या. पाण्याचा फुगवटा नंतर पुढच्या पायाकडे लोंबतो, तो काही तासांत जिरतो. दुसऱ्या दिवशीही तसाच असेल तर पुढचं सलाईन थांबवून फोन करा. झोपेत श्वास मिनिटाला ३० च्या वर गेले तरीही.

* * *

सप्लिमेंटपैकी खरी गरज कॅल्शियमची आणि टॉरिनची (मांसातलं एक अमिनो आम्ल), तीही घरचं जेवण असेल तर. नुसत्या उकडलेल्या चिकनवर वाढलेल्या पिलाची हाडं इतकी ठिसूळ होतात की टेबलावरून उडी मारताना मोडतात. अर्धा किलो बिनहाडाच्या मांसाला अंड्याच्या टरफलाची अगदी बारीक पूड, लहान अर्धा चमचा. टॉरिन पाण्यात उतरतं, म्हणून उकडलेलं पाणी फेकू नका. त्याच्या कमतरतेने हृदय पसरतं, हे १९८७ साली सिद्ध झालं. कलेजी रोज नको: जीवनसत्त्व अ साठत जाऊन मानेचे मणके जुळतात, मांजराला मान वळवता येत नाही. हर्पीस विषाणूच्या सर्दीवर लायसिन (हेही एक अमिनो आम्ल) विकत घेऊ नका. २०१५ च्या एका आढाव्यात ते बंदच करा असं म्हटलं आहे.

* * *

इन्सुलिनवाल्यांनी सिरिंज तपासा. ग्लार्जिन इन्सुलिन सहसा मिलीला १०० युनिटचं असतं. ते मिलीला ४० युनिटच्या सिरिंजने भरलं तर अडीच पट डोस जातो. साखर उतरून मांजर लडखडायला लागलं तर हिरडीवर मध चोळा आणि मग गाडी काढा.